हिरव्या पाण्याचं दुसरं कडवं

मी मुळात भित्रा माणूस. लहानपणी पार्से गावात काजूच्या बागेतून एकटं जायची पाळी आली की मोठ्यानं भजन म्हणत जायचो, आणि बाग संपायच्या आधी भजन संपलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. या भित्रेपणावर पुढे आपलं पोट भरेल असं तेव्हा वाटलं नव्हतं, पण भरलं. डिचोली तालुक्यात, कारापूरच्या रस्त्यालगत एका बेकरीच्या मागच्या खोलीत मी जन्मभर गाणी रेकॉर्ड केली, आणि त्याहून जास्त गाणी कापली. कापणाऱ्याला थोडं भित्रं असावंच लागतं. ऐकणारा कुठे दचकेल, कुठे त्याच्या कपाळाला आठी पडेल, हे ज्याला आधी समजतं त्याच्याकडेच गिऱ्हाईक परत येतं.

कापणं म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण माझ्या सख्ख्या बहिणीलाही ते अजून कळलेलं नाही. शाळेच्या गॅदरिंगला नाच बसवायचा असतो. गाणं लांबलचक असतं, वेळ मोजका मिळतो. मग टीचर गाणं घेऊन माझ्याकडे येतात. गाण्याचा नको तो भाग काढायचा आणि दोन टोकं अशी जोडायची की मध्ये काही होतं याचा संशयसुद्धा येऊ नये. गाणारा श्वास घेतो तिथे कापायचं आणि ढोलाचा ठोका पडतो तिथे जोडायचं. ठोक्याच्या आवाजात सांधा लपतो. माझा सांधा कुणाला ऐकू आला नाही, असं मी चारचौघांत छाती फुगवून सांगत असे.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. दशावतारात राजा होणारे एक गृहस्थ कानाला हेडफोन लावायला तयार नव्हते, कारण त्यासाठी मुकुट उतरवावा लागला असता. खोलीत आम्ही दोघेच होतो, तरी मुकुट हवा. केरीच्या एका बापानं मुलाच्या वाढदिवसाला लावायच्या गाण्यातली ‘फेणी’ काढून तिथे ‘सोलकढी’ घालायला सांगितलं. तालात बसेना. तर तो म्हणाला, “मग ‘कढी’ येवढांच घाल. सोलां आमी मनात म्हणू.” बेकरीतला पोदेर पाव घेऊन निघताना सायकलचा भोंपू वाजवायचा तो माझ्या निम्म्या भजनांत शिरला आहे. तो मात्र मला कधी पुरता कापता आला नाही.

अशा खोलीत एक दिवस तन्वी आली. वय सोळा, पाठीवर गिटार, बरोबर आई. रेडिओ ऐकत मोठ्या झालेल्या माझ्यासारख्या माणसाला तिच्या गाण्याची जात सांगता येणार नाही. पोरं त्याला पॉप-रॉक म्हणतात. मला एवढंच कळलं की गिटार जोरात आहे, ढोल त्याहून जोरात आहे आणि त्या दोन्हींच्या वर पोरीचा आवाज स्वच्छ उभा राहतो.

“काका, ड्रम खरे जाय. मशीनीचे नाकात,” ती म्हणाली. खरे ड्रम ठेवायला जागा नव्हती. मी माझं मेज बाहेर काढलं, जनेलाला, म्हणजे खिडकीला, गोधड्या लावल्या आणि जागा केली.

तो तिचा पहिला अल्बम. अल्बम म्हणजे हातात धरायची वस्तू आता राहिलेली नाही. गाणी फोनवर चढतात आणि तिथूनच गावभर होतात. गाणी तिच्या वयाची होती. एक शाळेच्या बसवर, एक आईशी झालेल्या भांडणावर, एक आईनं काढून घेतलेल्या मोबाइलवर. आई माझ्या शेजारी बसून स्वतःविषयीची सगळी गाणी निमूट ऐकत होती. शेवटच्या गाण्याला मात्र ती उठून उभी राहिली.

“हें एक सोड गो,” ती म्हणाली. “बाकीचीं बरीं आसात.”

“हेंच म्हाका जाय,” तन्वी म्हणाली.

ते गाणं ‘हिरवं पाणी’. आमच्या भागातल्या खाणी बंद पडल्या आणि त्यांचे खंदक पाण्यानं भरले हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी खणत आत नेलेला असतो. पाणी भरलं की वरची पायरी घोटाभर पाण्याखाली दिसत राहते. माणसाला वाटतं, तळ इथेच आहे. ती पायरी संपली की खाली काहीच नाही, नुसतं पाणी. वरून ते इतकं हिरवं आणि शांत दिसतं की ऊन लागलेल्या कुणालाही हात बुडवावासा वाटेल. तन्वीच्या वर्गातली रेशम अशाच एका खंदकात गेली होती. पोरगी एकटीच गेली आणि पाय घसरला, असं गावात बोललं गेलं. तिची आई साखळीच्या बाजारात अबोलीच्या फाती, म्हणजे गुंफलेल्या माळा, विकायला बसते. मीही तिच्याकडून फाती घेतल्या आहेत, पण त्या विषयावर कधी शब्द काढला नाही. कुणीच काढत नसे.

गाण्याचं पहिलं कडवं असं होतं:

हिरवं पाणी, गार पाणी,
ये गे सखे, ऊन किती.
चप्पल काढ, काठावर ठेव,
तळ जवळ, कसली भीती.

चाल अशी की ऐकताना पाय आपोआप हलावा. मग दुसरं कडवं यायचं. तिथे ढोल थांबायचे, नुसती गिटार आणि आवाज:

दोन जोड काठावर,
घरी आला एकच जोड.
तळ नव्हता, तळ नव्हता,
हाक मारणं सखे सोड.

हेडफोनमध्ये पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा भरदुपारी माझ्या अंगावर काटा आला. मी काचेपलीकडे पाहिलं. तन्वी डोळे मिटून उभी होती. तिची आई केव्हाच बाहेर जाऊन पायरीवर बसली होती.

अल्बम आला आणि गावोगावच्या पोरांच्या तोंडी झाला. त्यापाठोपाठ आईबापांची काळजी आली. मी तो रेकॉर्ड केलेला, म्हणून निवाडा करायलाही मीच. रस्त्यात लोक थांबवून विचारायचे, “गुणाकाका, हीं गाणीं पोरांक आयकूंक दिवंक जाय काय नाका?” मला त्यात मजा वाटू लागली हे नाकारत नाही. शाळेच्या बसचं चालेल, मोबाइलचं दहावीनंतर, आईशी भांडणाचं आईनं एकदा स्वतः ऐकून ठरवावं, असे निकाल मी देत असे. ‘हिरवं पाणी’ मात्र सगळ्यांना अडायचं. चाल सगळ्यांत गोड त्याचीच, आणि धास्तीही त्याचीच. एका घरातली चार वर्षांची मुलगी ते ऐकल्यापासून दारात चप्पल काढायला तयार होईना. पाहुणे आले तरी ही चपलेसकट पाटावर.

मग आमच्या शाळेच्या शर्मिला टीचर आल्या. चौथीच्या मुलींचा नाच त्यांना याच गाण्यावर बसवायचा होता.

“काका, दुसरें कडवें काडात,” त्या म्हणाल्या. “पालक भियेतात. पोरांचें गॅदरिंग, तातूंत मरण कित्याक?”

मला ते पटलं. मी तन्वीला फोन केला. तिलाही पटलं. “काडात काका,” ती म्हणाली. “ल्हान पोरां रडूंक नाकात.” तिनं तो कापलेला तुकडा ऐकायला मागितला नाही, आणि मीही ऐकवला नाही.

दुसरं कडवं काढलं आणि त्या जागी पहिलंच पुन्हा जोडलं. ‘कसली भीती’वर श्वास, ठोका, आणि लगेच ‘हिरवं पाणी, गार पाणी’. सांधा लोण्यासारखा बसला. मी तीनदा ऐकला आणि स्वतःवर खूश होऊन बेकरीतून गरम पोई, आमचा कोंड्याचा पाव, आणून खाल्ली.

माझी मुलगी लता आणि तिची मनू माझ्याकडेच राहतात, जावई बोटीवर असतो. मनू चौथीत, म्हणजे नाचात होतीच. अंगणात उड्या मारत ती दिवसभर तेच म्हणत असे. पहिले काही दिवस मला कौतुक वाटलं. मग एका दुपारी ओटीवर आडवा पडलो होतो आणि ती मला हात धरून ओढत म्हणत होती, “ये गे सखे, ऊन किती, तळ जवळ, कसली भीती.” तेव्हा मी माझा हात सोडवून घेतला.

“मनू, फुडें काय?” मी विचारलं.

“फुडें कांय ना, आबा. परत तेंच.”

मी उठून बसलो. दुसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून शाळेत तालीम बघायला गेलो. रंगमंचाच्या कडेला मुलींनी आपापल्या चपला ओळीत काढून ठेवल्या होत्या. पाठीमागे दोघींनी हिरवी साडी ताणून धरली होती. गाणं लागलं आणि एकेक मुलगी हसत साडीपलीकडे उडी मारून दिसेनाशी होऊ लागली. शेवटची गेली आणि गाणं संपलं. बाहेर कुणी आलंच नाही. गाण्यात बाहेर येणं उरलंच नव्हतं. समोर रिकामा रंगमंच आणि कडेला इवल्याशा चपलांची ओळ.

टीचर टाळ्या वाजवत होत्या. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, “टीचर, हें बरोबर दिसना.”

“कित्याक? आतां तर भियेवपासारकें कांयच ना.”

“तेंच तर,” मी म्हटलं. पण मला ते नीट सांगता आलं नाही. भित्र्या माणसाची हीच पंचाईत असते. भीती वाटते ती खरी, पण दुसऱ्याच्या गळी उतरत नाही. आणि कापलं तर मीच होतं.

मी तन्वीला बोलावलं. रविवारी दुपारी ती आली. मी कापलेलं गाणं लावलं. पहिलं कडवं संपून पुन्हा पहिलं सुरू झालं, तशी तिनं हेडफोन ओढून काढला.

“काका,” ती म्हणाली, “हें तिचें. रेशमाचें. तिणें म्हाका अश्शेंच आपयिल्लें.”

रेशम एकटी गेली नव्हती. तन्वी बरोबर होती. पहिलं कडवं म्हणजे रेशम तिला पाण्यात बोलावत होती ते शब्द, जवळजवळ जसेच्या तसे. दुसरं तन्वीचं स्वतःचं. घरी आलेला एकच जोड तिचा होता. हे तन्वीच्या आईला ठाऊक होतं आणि आईनं तिला गप्प बसवलं होतं. तिचं खरं बोलणं तेवढं त्या चार ओळींत होतं, आणि त्याच मी काढून टाकल्या होत्या.

मी काही म्हणायच्या आत फोन वाजला. लता होती. “बाबा, मनू तुमच्याकडे आली काय? प्रॅक्टिसक वतां म्हणून गेली, तिच्या दोगी मैत्रिणीय आसात. टीचरांक फोन केलो, त्यो म्हणटात आयतारा प्रॅक्टिस खंयची?”

मी स्कूटरकडे धावलो, पण किल्ली लागेना. तन्वीनं ती माझ्या हातातून घेऊन लावली. “खंदकाकडेन,” एवढंच ती म्हणाली आणि मागे बसली. रेशम गेली त्या दिवसानंतर ती त्या रस्त्याला फिरकली नव्हती, हे मला नंतर तिच्या आईकडून कळलं. वाटभर तिनं माझा शर्ट मुठीत धरला होता. मी देवाला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही, अजून फेडतो आहे.

खाणीचं फाटक मोडून पडलं होतं. लाल चिखलाची वाट उतरून वळलो आणि आधी चपला दिसल्या. काठावर, तालमीत ठेवायच्या तशाच ओळीत. मनूच्या गुलाबी पट्ट्याच्या मी लगेच ओळखल्या.

मुली त्या पाण्याखालच्या पायरीवर उभ्या होत्या. घोटाभर पाणी, हातात हात, आमच्याकडे पाठ. गाणं म्हणत ठेक्यावर एकेक पाऊल पुढे टाकत होत्या. त्यांच्यापुढे हातभर अंतरावर पाण्याचा रंग बदलत होता.

मी हाक मारायला तोंड उघडलं. तन्वीनं माझा दंड इतक्या जोरात दाबला की आवाज आतच राहिला.

“हाक मारूं नाकात,” ती कुजबुजली. “हांवें मारिल्ली. ती म्हज्याकडेन वळली आनी पांय निसटलो.”

मी गप्प उभा राहिलो. आयुष्यात याहून अवघड काम मी केलेलं नाही. माझी नात समोर आहे, आणि आजोबानं हाक मारायची नाही.

मुली ‘तळ जवळ, कसली भीती’पर्यंत आल्या. आता श्वास घेऊन पुन्हा ‘हिरवं पाणी’ म्हणणार. नेमक्या त्या श्वासात, मी जिथे कापलं होतं तिथेच, तन्वीनं हळू आवाजात दुसरं कडवं धरलं. दोन जोड काठावर, घरी आला एकच जोड. आवाज चढवला नाही, घाईही केली नाही. मुली दचकल्या नाहीत. त्यांना ते गाण्याचंच पुढचं वाटलं, आणि होतंही तसंच. त्या जागच्या जागी थांबून ऐकू लागल्या. मग एकीनं हळूच मान वळवली.

गाता गाताच तन्वी पाण्यात उतरली आणि हात पुढे केला. एकेक करून तिन्ही काठावर आल्या. मनू माझ्या कमरेला बिलगली. मी तिला रागावणार होतो, पण मी लहान मुलासारखा रडू लागलो आणि तीच माझी पाठ थोपटत राहिली.

“आबा, हें कडवें आमकां खंय दिल्लें?” तिनं विचारलं.

पालकांची बैठक झाली. मुली खंदकावर गेल्याचं सगळं ऐकूनही एक-दोघांचं म्हणणं तेच होतं. गाणंच रद्द करा, नाहीतर पोरं भितील. मी सभेत कधी तोंड उघडत नाही. त्या दिवशी उभा राहिलो. म्हटलं, “भियेंवदी. हांव जल्मभर भियेलां, म्हणून हांगा उबो आसां.” कुणीतरी हसलं आणि बैठकीतला ताण सैल झाला. शर्मिला टीचरांनी पूर्ण गाणं मागितलं, पण तन्वी म्हणाली की रेकॉर्ड नको, दुसरं कडवं ती स्वतः विंगेत उभी राहून गाईल. त्याआधी तिला एका ठिकाणी जायचं होतं. ती साखळीच्या बाजारात रेशमच्या आईकडे गेली आणि त्या दिवशी आपण बरोबर होतो हे सांगून आली. ती बाई काय म्हणाली, मी विचारलं. “कांयच ना,” तन्वी म्हणाली. “फाती वळत रावली.”

गॅदरिंगच्या संध्याकाळी गाणं लावायला आणि कार्यक्रम रेकॉर्ड करायला मी यंत्रापाशी बसलो होतो. पडदा वर जायच्या आधी पाहिलं तर तिसऱ्या रांगेत रेशमची आई. तिला कुणी बोलावलं, ती कशासाठी आली, ती उठून सगळ्यांसमोर तन्वीला काय बोलेल, याशिवाय मला काही सुचेना. विंगेत तन्वीलाही ती दिसली होती. रंगमंचावर चढताना सगळे काढतात तशा तिनंही चपला मागे काढल्या होत्या, आणि ती अनवाणी भिंतीला टेकून उभी होती.

नाच सुरू झाला. मुलींनी चपला ओळीत ठेवल्या, साडीपलीकडे उड्या मारल्या. मग ढोल थांबले आणि तन्वी गाऊ लागली. पहिल्या शब्दाला आवाज चिरकला, पुढे सावरला. एकेक मुलगी साडीमागून निघाली, काठावर आली, आपल्या चपला घालून उभी राहिली. शेवटी गुलाबी पट्ट्याची एकच जोडी उरली. टीचरांनी मनूला साडीमागेच थांबायला सांगितलं होतं. गाणं संपलं. टाळी वाजेना.

रेशमची आई उठली. खुर्च्यांमधून वाट काढत ती पायऱ्या चढून वर गेली. मी अर्धवट उभा राहिलो आणि तसाच राहिलो. तिनं वाकून ती जोडी उचलली, साडी बाजूला केली आणि म्हणाली, “ये गो भायर. पांय हाड.” मनूनं पाय पुढे केला. तिनं एक चप्पल घातली, मग दुसरी.

मग ती विंगेकडे वळली. तन्वी भिंतीला आणखी चिकटली. बाईनं तिच्या अनवाणी पायांकडे बराच वेळ पाहिलं.

“तुजीं चपलां खंय गो?” ती म्हणाली. “पांयांत घाल, आनी घरा चल.”

त्या गडबडीत मी यंत्र बंद करायला विसरलो होतो. ते वाक्य त्या दिवशीच्या रेकॉर्डिंगच्या शेवटी आहे. ते मी कापलेलं नाही.